नाते आणि मत: फिनलंडच्या नाटोप्रवेशाला हंगेरीने इतका वेळ का लावला?

२७ मार्च २०२३ रोजी हंगेरीच्या संसदेत फिनलंडला नाटोत घेण्याचा ठराव मतदानाला आला. बाजूने १८२ मते पडली, विरोधात ६. ती सहा मते मि हजांक या अतिउजव्या पक्षाची होती. सत्ताधारी फिदेस आणि बाकीचे विरोधक एकाच बाजूला उभे होते. एवढे एकमत असलेला हा ठराव सरकारने संसदेकडे पाठवला होता जुलै २०२२ मध्ये. म्हणजे आठ महिने त्याचे घोंगडे भिजत पडले होते. नाटोचे तेव्हा ३० सदस्य होते आणि त्यांपैकी २८ देशांनी सप्टेंबर २०२२ संपायच्या आत मंजुरी देऊन टाकली होती. उरले दोनच: तुर्कस्तान आणि हंगेरी.

तुर्कस्तानचे गाऱ्हाणे उघड होते. कुर्दी संघटनांना आश्रय दिल्याचा त्याचा आरोप होता आणि त्याचा रोख मुख्यतः स्वीडनवर होता. हंगेरीचे तसे नव्हते. फिनिश आणि हंगेरियन लोक एकमेकांना भाऊबंद म्हणवतात, शाळांत तसे शिकवले जाते, दोन्ही देशांत ऑक्टोबर महिन्यात या नात्याचा दिवस पाळला जातो. मग अडचणीच्या वेळी हा भाऊबंद रांगेत शेवटून दुसरा कसा?

हे प्रकरण अभ्यासण्यासारखे आहे त्याचे आणखी एक कारण आहे. फिनलंड आणि स्वीडन यांनी १८ मे २०२२ रोजी एकाच वेळी अर्ज दिले. एकाचे हंगेरीशी भाषेचे नाते, दुसऱ्याचे काहीच नाही. नात्याने काय फरक पडला हे तपासायला इतकी चांगली जोडी इतिहासात सहसा मिळत नाही.

नाते कसे जुळले

१७६९ मध्ये शुक्राचे अधिक्रमण पाहण्यासाठी माक्सिमिलियन हेल हे जेझुइट खगोलशास्त्रज्ञ नॉर्वेच्या उत्तर टोकाला, वार्डो बेटावर गेले. सोबत यानोश शायनोविच हा हंगेरियन साहाय्यक होता. तिथल्या सामी लोकांची भाषा त्याने कान देऊन ऐकली आणि १७७० मध्ये ती हंगेरियनच्या कुळातली असल्याचे लेखी मांडले. मायदेशी अनेकांना ते रुचले नाही. हूण आणि त्यांचा राजा अटिला यांचा वारसा सांगणाऱ्या हंगेरियन सरदारांना उत्तरेच्या कोळ्यांशी नाते जोडणे कमीपणाचे वाटत होते. पुढे अंताल रेगुय १८३९ मध्ये फिनलंडला गेला, फिनिश शिकला आणि तिथून उरालपलीकडच्या भाषांच्या शोधात निघाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे नाते विद्वानांनी मान्य केले होते. फिनलंडचे महाकाव्य कालेवाला १८७१ मध्ये हंगेरियनमध्ये आले, आणि १९०९ मधल्या बेला विकार यांच्या अनुवादाने ते घरोघरी पोचले.

नाते खरे आहे, पण फार लांबचे. दोन्ही शाखा वेगळ्या होऊन हजारो वर्षे लोटली आहेत. हेलसिंकीच्या माणसाला बुडापेस्टच्या बाजारात एक वाक्य कळत नाही. तरी पहिल्या महायुद्धानंतर या दूरच्या नात्याला एकदम भाव आला, आणि त्याचे कारण राजकीय होते. १९२० च्या त्रियानों तहाने हंगेरीचा सुमारे दोन तृतीयांश प्रदेश गेला होता. आजूबाजूला मित्र नव्हता. फिनलंड १९१७ मध्ये नुकता स्वतंत्र झालेला, शेजारी सोव्हिएत रशिया. दोघेही एकटे पडलेले. १९२१ मध्ये हेलसिंकीत फिनो-उग्रिक (म्हणजे फिनिश-हंगेरियन भाषाकुळातल्या लोकांची) सांस्कृतिक परिषद भरली, मग तालिन, १९२८ मध्ये बुडापेस्ट. १९३७ मध्ये दोन्ही देशांनी सांस्कृतिक करार केला. विद्यार्थी, व्याख्याते, अनुवाद यांची देवाणघेवाण त्या करारापासून नियमित झाली.

या पहिल्याच काळात एक गोष्ट दिसते आणि ती पुढच्या सगळ्या कथेत दिसत राहते. राज्यांना गरज असते तेव्हा नाते जवळचे होते. गरज आणि नाते समोरासमोर आले की नाते मागे सरते.

तीन जुन्या कसोट्या

पहिली कसोटी हिवाळी युद्धाची. ३० नोव्हेंबर १९३९ ला सोव्हिएत संघाने फिनलंडवर हल्ला केला. हंगेरीत फिनलंडसाठी निधी गोळा होऊ लागला आणि स्वयंसेवकांची तुकडी उभी राहिली. पंतप्रधान पाल तेलेकी यांच्या सरकारने त्याला उघड पाठिंबा न देता वाट करून दिली. इम्रे केमेरी नॉज या अधिकाऱ्याच्या हाताखाली साडेतीनशेच्या आसपास माणसे ७ फेब्रुवारी १९४० रोजी बुडापेस्टहून निघाली. सरळ वाट जर्मनीतून होती. पण हिटलर-स्टालिन करार ताजा होता आणि जर्मनीने वाट दिली नाही. मग ही माणसे युगोस्लाव्हिया, इटली आणि फ्रान्समार्गे इंग्लंडला पोचली, एडिनबरोहून जहाजाने नॉर्वेतल्या बर्गनला उतरली आणि स्वीडन ओलांडून २ मार्चला फिनलंडच्या हद्दीत शिरली. लापुआ गावात त्यांचे हिवाळी प्रशिक्षण सुरू झाले. ११ दिवसांनी, १३ मार्चला, युद्ध संपले. तुकडीला लढाईत उतरावे लागलेच नाही. मे अखेरीस ती परत गेली.

फिनलंडमध्ये या तुकडीची आठवण आजही आदराने काढली जाते, आणि ती काढावीच. अर्धे युरोप वळसा घालून ही माणसे अनोळखी बर्फात लढायला आली होती. पण बारकाईने पाहिले तर त्यात राज्याचा हात कुठे होता आणि लोकांचा कुठे, हे स्पष्ट दिसते. हंगेरी देश युद्धात उतरला नाही. माणसे उतरली.

दुसरी कसोटी चार वर्षांनी आली आणि या वेळी पाठ फिरवण्याची पाळी फिनलंडची होती. १९ सप्टेंबर १९४४ च्या मॉस्को युद्धविरामात, देशातल्या जर्मन आणि हंगेरियन नागरिकांना स्थानबद्ध करण्याची अट फिनलंडला मान्य करावी लागली. ती पाळली गेली. ज्यांना काल भाऊ म्हटले, त्यांना छावणीत ठेवले. दुसरा पर्याय नव्हता हे मान्य केले तरी ही घटना या नात्याच्या गौरवगाथांतून बहुधा गाळली जाते, आणि मला ते चुकीचे वाटते.

तिसरी कसोटी १९५६ ची, सर्वांत कठीण. ४ नोव्हेंबरला हंगेरीतला उठाव मोडायला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत सोव्हिएत संघाने हंगेरीतून सैन्य काढून घ्यावे असा ठराव आला: बाजूने ५०, विरोधात ८, तटस्थ १५. त्या पंधरांत फिनलंड होता. भारतही होता, आणि ९ नोव्हेंबरला हंगेरीत संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका घ्याव्यात या ठरावावर तर कृष्ण मेनन यांच्या शिष्टमंडळाने थेट विरोधात मत दिले. त्यावरून आपल्याकडे नेहरू सरकारवर भरपूर टीका झाली, पण आपले हंगेरीशी रक्ताचे-भाषेचे काही नव्हते. फिनलंडचे होते. फिनिश लोकांची सहानुभूती पूर्णपणे बुडापेस्टकडे होती. पण फिनलंड आमसभेत येऊन एक वर्षही झाले नव्हते, फिनलंडच्या भूमीवरचा पोर्क्काला हा सोव्हिएत तळ जानेवारी १९५६ मध्येच परत मिळाला होता आणि १९४८ चा सोव्हिएत मैत्री करार डोक्यावर होता. राष्ट्राध्यक्ष केक्कोनेन यांच्या सरकारने तोंड मिटून घेतले.

त्याच १९५६ सालात फिनलंडचे लाहती आणि हंगेरीचे पेच ही दोन शहरे मित्रशहरे झाली. पुढे ताम्पेरे-मिश्कोल्त्स, युवास्कुला-देब्रेत्सेन, तुर्कू-सेगेद अशी साखळी वाढत गेली. सरकारे गप्प असताना गायक मंडळी, शाळा आणि नगरपालिका एकमेकांकडे जात राहिल्या. केक्कोनेन आणि हंगेरीचे कम्युनिस्ट नेते यानोश कादार यांचे पुढे बरे जमले. दोघांनीही मॉस्कोला न दुखावता स्वतःसाठी थोडी मोकळीक मिळवली होती, आणि १९७५ मध्ये युरोपच्या सुरक्षा-सहकार्याच्या हेलसिंकी करारनाम्यावर दोन्ही देशांच्या सह्या झाल्या. फिनलंडच्या लोविसा आणि हंगेरीच्या पाक्श या अणुवीज केंद्रांत एकाच सोव्हिएत घराण्याच्या अणुभट्ट्या बसल्या. ही बाब पुढे उपयोगी पडणार आहे.

आठ महिने

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर मोठा हल्ला केला आणि फिनलंडचे लोकमत काही आठवड्यांत उलटले. वर्षानुवर्षे नाटोच्या बाजूने पाव जनता असायची. मे महिन्यातल्या सार्वजनिक वाहिनी युलेच्या पाहणीत ती ७६ टक्क्यांवर गेली. १७ मे रोजी संसदेने १८८ विरुद्ध ८ मतांनी अर्जाला मान्यता दिली. नाटोत नवा सदस्य घ्यायचा तर सर्व सदस्यांचे एकमत आणि प्रत्येकाची घटनात्मक मंजुरी लागते. ५ जुलैला प्रवेशाच्या कागदांवर सह्या झाल्या आणि तिथून प्रत्येक राजधानीतले घड्याळ वेगळे चालू लागले.

रशियाशी सुमारे १,३४० किलोमीटरची हद्द असलेल्या देशासाठी हा मधला काळ धोक्याचा होता. अर्ज दिलेला, पण सामूहिक संरक्षणाचे (एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा, असे सांगणारे) कलम अजून लागू नाही. ब्रिटनने ११ मे रोजीच परस्पर मदतीची घोषणा करून ही फट थोडी बुजवली होती. पण ती फट किती दिवस उघडी राहणार, हे बुडापेस्ट आणि तुर्कस्तानची राजधानी अंकारा ठरवत होते.

बुडापेस्टमध्ये आकड्यांची अडचण कधीच नव्हती. एप्रिल २०२२ च्या निवडणुकीत फिदेस आघाडीने १९९ पैकी १३५ जागा जिंकल्या होत्या. विरोधकही मंजुरी द्यायला तयार होते. म्हणजे कोणत्याही मंगळवारी हा विषय संपवता आला असता. पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांनी नोव्हेंबरमध्ये शब्द दिला की नव्या वर्षाच्या पहिल्या अधिवेशनात मंजुरी होईल. फेब्रुवारीच्या शेवटी मात्र तेच हंगेरीच्या सरकारी रेडिओवर सांगू लागले की आपल्या खासदारांना उत्साह नाही, हे दोन देश हंगेरीच्या लोकशाहीबद्दल खोटे पसरवतात आणि फिनलंड आला की नाटोची रशियाशी हद्द हजारावर किलोमीटरने वाढेल. १ मार्च २०२३ ला चर्चा सुरू झाली. मतदानाची तारीख मात्र पुढे पुढे ढकलली जाऊ लागली. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात संसदेचे उपसभापती चाबा हेन्दे यांचे शिष्टमंडळ स्टॉकहोम आणि हेलसिंकीला जाऊन आपली गाऱ्हाणी ऐकवून आले.

आता हेलसिंकीची बाजू पाहा. हा भाग मला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. ज्या १ मार्चला बुडापेस्टमध्ये चर्चा सुरू झाली, त्याच दिवशी फिनलंडच्या संसदेने स्वतःची मंजुरी १८४ विरुद्ध ७ मतांनी देऊन टाकली. दोन सदस्यांची संमती बाकी असताना हे केले, आणि त्यामागे हिशेब होता. फिनलंडमध्ये २ एप्रिलला निवडणूक होती. संसद विसर्जित झाली असती तर नव्या संसदेची वाट पाहावी लागली असती. शिवाय मंजूर कायद्यावर राष्ट्राध्यक्षांना तीन महिन्यांत निर्णय घ्यावा लागतो. म्हणजे फिनलंडने स्वतःवर मुदत घालून घेतली. स्वीडनबरोबर हातात हात घालून जायचे, हे आधीचे धोरण होते. आता स्वीडन मागे राहिला तरी आम्ही पुढे जाऊ, असा त्याचा अर्थ होता, आणि अंकारा व बुडापेस्टने तो बरोबर वाचला.

या सगळ्यात भाऊबंदकीची आळवणी जवळजवळ नव्हती. फिनिश नेते कराराच्या, सुरक्षेच्या आणि वेळापत्रकाच्या भाषेत बोलले. १९५६ चे मत ज्यांच्या राजनैतिक स्मरणात आहे, ते नात्याची गळ घालायला कचरणारच, असे मला वाटते.

उशिराचे खरे कारण

तीन कारणे पुढे केली जातात.

पहिले युरोपीय संघाच्या पैशांचे. २०१९ च्या उत्तरार्धात संघाचे अध्यक्षपद फिनलंडकडे होते. त्याच काळात संघाच्या करारातल्या कलम ७ खाली (संघाची मूल्ये मोडणाऱ्या सदस्यावरच्या कारवाईचे कलम) हंगेरीच्या न्यायमंत्री युदित वार्गा यांची सुनावणी झाली आणि निधी कायद्याच्या राज्याशी जोडण्याचा आग्रह फिनलंडने धरला. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच नियमाखाली हंगेरीचे ६.३ अब्ज युरो अडवले गेले. राग खरा होता, यात शंका नाही.

दुसरे रशियाचे. इथे त्या अणुभट्ट्या आठवाव्यात. फिनलंडमध्ये रशियाची सरकारी अणुऊर्जा कंपनी रोसाटॉम हान्हिकिवी येथे नवी भट्टी बांधणार होती; फेन्नोव्होइमा कंपनीने तो करार मे २०२२ मध्ये मोडला. हंगेरीने पाक्शच्या विस्ताराचे रोसाटॉमचे काम पुढे नेले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये त्याला बांधकाम परवाना दिला. एकाच जुन्या वाटेवरून आलेले दोन देश त्या एका उन्हाळ्यात विरुद्ध दिशांना गेले.

तिसरे अंकाराचे. हंगेरी २०१८ पासून तुर्की भाषक राष्ट्रांच्या परिषदेत निरीक्षक आहे, आणि ओर्बान यांनी तिथल्या व्यासपीठावर हंगेरियनांना अटिलाचे वंशज म्हटले आहे. शायनोविचच्या काळचा जुना वाद या सरकारने दुसऱ्या बाजूने सोडवला, असे म्हणता येईल.

तारखा मांडून पाहिल्या तर माझे मत तिसऱ्या कारणाकडे झुकते. पैशांचा निर्णय डिसेंबरमध्ये झाला. त्यानंतरचे तीन महिने त्या बाबतीत नवे काही घडले नाही, तरी मतदान लांबले. मग १७ मार्च २०२३ उजाडला. फिनलंडचे राष्ट्राध्यक्ष नीनिस्तो तुर्कस्तानात होते आणि तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांनी फिनलंडची मंजुरी संसदेकडे पाठवत असल्याचे जाहीर केले. त्यानंतर काही तासांतच फिदेसचे संसदीय गटनेते माते कोचिश यांनी सांगितले की २७ मार्चला मतदान होईल, फिदेस एकमुखाने पाठिंबा देईल आणि स्वीडनचे नंतर पाहू. आठ महिने न सापडलेली तारीख एका दुपारी सापडली. हंगेरीने २७ मार्चला मत दिले, तुर्कस्तानने ३० मार्चला २७६ विरुद्ध ० मतांनी. ४ एप्रिलला फिनलंड नाटोचा ३१ वा सदस्य झाला.

पैसा आणि रशिया यांनी चालढकल करण्याची इच्छा दिली असेल. पण ती किती दिवस चालवायची, हे अंकाराकडे पाहून ठरले.

स्वीडनशी तुलना

आता ती जोडी. स्वीडनला आणखी अकरा महिने लागले. सप्टेंबर २०२३ मध्ये हंगेरीचे परराष्ट्रमंत्री सियार्तो यांनी स्वीडनच्या शैक्षणिक वाहिनीच्या २०१९ मधल्या एका शालेय कार्यक्रमावरून पत्र लिहून तक्रार केली. २३ जानेवारी २०२४ ला तुर्कस्तानने मंजुरी दिली. २३ फेब्रुवारीला स्वीडनचे पंतप्रधान क्रिस्टरसन बुडापेस्टला आले, हंगेरीने स्वीडनची आणखी चार ग्रिपेन लढाऊ विमाने घेण्याचा करार केला आणि २६ फेब्रुवारीला मतदान झाले: १८८ विरुद्ध ६. या वेळी हंगेरी सर्वांत शेवटचा ठरला.

फिनलंडकडे देण्यासारखे असे काही नव्हते. त्याने स्वतःसाठी अमेरिकी एफ-३५ विमाने निवडली होती आणि बुडापेस्टला विकायला त्याच्याकडे काही नव्हते. तरी त्याचे काम आधी झाले. हा नात्याचा परिणाम का? थोडा असेल. हंगेरियन सत्ताधाऱ्यांचा सूर फिनलंडच्या बाबतीत सौम्य होता, हंगेरीच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष कातालिन नोवाक यांनी दोन्ही देशांना उघड पाठिंबा दिला होता, आणि कडवट भाषा हळूहळू एकट्या स्वीडनच्या वाट्याला गेली. पण दोघांना वेगळे केले ते आधी एर्दोआन यांनी, आणि मग हेलसिंकीच्या १ मार्चच्या मतदानाने. बुडापेस्ट त्या मागोमाग आले. म्हणून नात्याच्या खात्यावर मी सुरातला फरक जमा करीन, तारखेतला नाही.

नाटोत एकत्र आल्यावर संबंध सुधारले असेही झाले नाही. जुलै २०२४ मध्ये युरोपीय संघाचे अध्यक्षपद हंगेरीकडे आले आणि त्याच आठवड्यात ओर्बान मॉस्कोला जाऊन पुतिन यांना भेटले. हंगेरीत होणाऱ्या अनौपचारिक बैठकांना मंत्री न पाठवण्याचे ज्या देशांनी ठरवले, त्यांत स्वीडन, पोलंड आणि बाल्टिक देशांबरोबर फिनलंड होता. फिनलंडतर्फे मंत्र्यांच्या जागी अधिकारी जाणार होते. १९५० पासून चालू असलेल्या फिनलंड-हंगेरी मैत्री संघाला आणि मित्रशहरांच्या व्यवहाराला त्या निर्णयातल्या कशाचीही बाधा येत नव्हती.